आधी वजन उतरवू, मग खेळाला घालू?

पत्र : जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईनं लिहिलं आहे. मुलगा ११ वर्षांचा, सहावीत, वजन ५२ किलो. शाळेची बस दारातून नेते आणि दारात आणून सोडते. संध्याकाळी क्लास, मग मोबाइल. मागच्या उन्हाळ्यात वडिलांनी क्रिकेटच्या शिबिरात घातलं. चौथ्या दिवशी पोट दुखतं म्हणून घरी राहिला, तो परत गेलाच नाही. दिवाळीत नाशिकला मामाकडे गेला होता. तिथे सोसायटीतली मुलं प्लास्टिकच्या काठ्या आणि भोकांचा चेंडू घेऊन फ्लोअरबॉल खेळत होती. हा दोन दिवस त्यांच्यात रमला, जेवायला तीन-तीन हाका माराव्या लागल्या. आता २२ किलोमीटरवर जळगावात एका क्रीडाशिक्षकांनी आठवड्यातून तीन संध्याकाळी या खेळाचा वर्ग सुरू केला आहे. मुलगा स्वतःहून जायचं म्हणतो.

घरात मात्र एकमत नाही. वडील म्हणतात, "हा कुठला खेळ? याला फ्यूचर काय? क्रिकेट नको तर कबड्डी खेळ." आजी म्हणतात, "खातंपितं लेकरू हाये, नजर नका लावू." आईचं स्वतःचं म्हणणं असं : "तो मुळातच आळशी आहे. आधी घरी पळवून, जेवण कमी करून थोडं वजन उतरवावं आणि मग खेळाला घालावं, नाहीतर तिथेही मुलं हसतील. मानेवर काळपटपणा आलाय, कितीही घासलं तरी जात नाही, त्यावरूनही शाळेत चिडवतात. धाकटी ९ वर्षांची आहे, तिचं काही नाही, ती घरातच खेळते. काय करावं?"

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी "जेवायला तीन-तीन हाका माराव्या लागल्या" या वाक्यापाशी थांबले. त्याच पत्रात खाली तुम्ही लिहिता, "मुळातच आळशी आहे." ही दोन्ही वाक्यं एकाच मुलाबद्दल कशी खरी असतील? आळशी मूल जेवायची हाक टाळून खेळत बसत नाही. नाशिकला जे होतं ते घरी आणि शिबिरात नव्हतं, एवढंच यावरून कळतं. ते काय होतं, हे आपण शोधू.

त्याआधी मला माझी एक गोष्ट सांगू द्या. मी ३१ वर्षं धुळ्याकडे शाळेत खेळाची बाई होते. तासाला साठ मुलं, एक फुटबॉल, पस्तीस मिनिटं. माझ्या वर्गात एक मुलगा होता, तुमच्या मुलासारखाच अंगानं भरलेला. पहिल्या आठवड्यात तो धावताना मागे राहिला, मुलं हसली. मला वाईट वाटलं आणि मी त्याला गुण लिहायची वही दिली. अक्षर मोत्यासारखं. तीन वर्षं तो माझा गुणलेखक होता. तास सुरू व्हायच्या आधीच वही आणि दोन पेन्सिली घेऊन कडुलिंबाखालच्या कट्ट्यावर हजर असायचा. कोणाचं मन न दुखवता मी मार्ग काढला, असं मला वाटायचं. पुष्कळ वर्षांनी तो मला बसस्टँडवर भेटला. कडेवर मुलगी होती. वाकून नमस्कार केला, चौकशी केली आणि मग हळूच म्हणाला, "बाई, मला ते वहीचं काम आवडायचं, असं तुम्हाला वाटायचं ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून "आधी वजन, मग खेळ" हे तुमचं वाक्य मला आतून टोचलं. तुमची भीती खोटी नाही. मुलं हसतात, हसणारही. पण वजन उतरेपर्यंत त्याला बाजूला ठेवणं म्हणजे त्याच्या हातात तीच वही देणं आहे. मी ते मायेपोटीच केलं होतं, तुम्हीही मायेपोटीच करताय.

आता शिबिराचं बघू. तिथे नक्की काय चालायचं, हे मुलाला शांतपणे विचारा. "का गेला नाहीस?" असं विचारू नका. "तिथे काय काय करायचास? तुझा नंबर कधी यायचा?" असं विचारा. माझा अंदाज सांगते. उन्हाळी शिबिरात समजा चाळीस मुलं आणि दोन नेट आहेत. दीड तासात एकेकाच्या वाट्याला फलंदाजीची साडेचार मिनिटं येतात. ज्याला बॅट जमते त्याला सर जरा जास्त वेळ ठेवतात, म्हणजे उरलेल्यांची साडेचारचीही तीन होतात. बाकीचा वेळ रांगेत नाहीतर सीमारेषेपाशी उन्हात उभं राहायचं. चेंडू येतो तो अंगावर, १५६ ते १६३ ग्रॅमचा टणक सीझन बॉल. सुटला की सगळे ओरडतात. चौथ्या दिवशी पोट खरोखरच दुखलं असेल त्याचं. धास्तीनं मुलांचं पोट दुखतं, ते नाटक नसतं.

फ्लोअरबॉलचा चेंडू २३ ग्रॅमचा असतो. सात चेंडू एकत्र केले की एका सीझन बॉलएवढं वजन होतं. आतून पोकळ, २६ भोकं, व्यास ७२ मिलिमीटर. काठी प्लास्टिकच्या पात्याची, जास्तीत जास्त ३५० ग्रॅमची. अंगावर आला तर चुरचुरतो, पण ज्यानं पहिल्यांदाच काठी धरली आहे त्याला चेंडूचं भय वाटत नाही. भय गेलं की मूल चेंडूपासून लांब न पळता चेंडूकडे जातं. नाशिकला हेच झालं असणार.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. मोठ्यांच्या सामन्यात मैदानावर एका संघाचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक असतो. गोलरक्षकाकडे काठीच नसते, तो गुडघ्यांवर बसून अंगानं आणि हातानं चेंडू अडवतो. बाकीचे पाच जण खेळ न थांबवता केव्हाही बदलता येतात, कितीही वेळा. मिनिटभर जीव तोडून पळायचं, बाहेर यायचं, पाणी प्यायचं, दम खायचा, पुन्हा आत. सगळेच तसं करतात. दमून बाहेर येणं ही तिथे हार नसते, खेळाची रीतच ती आहे. भरल्या अंगाच्या मुलाला ही रीत किती दिलासा देते, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी स्वतः खो-खोची खेळाडू, खो-खोवर माझा जीव आहे. पण तो खेळ हळू पळणाऱ्या मुलाला लगेच उघडा पाडतो, हे मला मान्य करावं लागेल. पाठलाग होतोय, सगळे बघताहेत, तिसऱ्या सेकंदाला बाद. शेवटी खेळ मुलाला शोभतो का हे बघायचं नसतं, मूल त्या खेळात किती वेळ हलतं ते बघायचं असतं.

ते बघायची एक पद्धत सांगते. मोठं काही लागत नाही, मूठभर शेंगदाणे पुरे. कुठल्याही वर्गाला पैसे भरण्याआधी एक दिवस कडेला जाऊन बसा. शेंगदाणे उजव्या मुठीत घ्या. मुलाची काठी, हात किंवा पाय चेंडूला लागला की एक दाणा डाव्या मुठीत. वीस मिनिटं एवढंच करा, फोन पर्समध्ये राहू द्या. मग दुसऱ्या वीस मिनिटांत घड्याळ बघून एवढंच टिपा की तो एका जागी किती मिनिटं उभा होता. हे क्रिकेटच्या वर्गाला करा, कबड्डीच्या करा, फ्लोअरबॉलच्याही करा. खेळाचं नाव काही का असेना, ज्या वर्गात दाणे भराभर सरकतात तिथे पैसे भरा. फ्लोअरबॉलचा वर्गसुद्धा वाईट असू शकतो बरं का. तीस मुलं रांगेत आणि दोघांच्या हातात काठी, असं चाललं असेल तर तिथून उठा. लहान मुलांना तीन विरुद्ध तीन खेळवणारा, एका वेळी चार-पाच छोटे डाव लावणारा शिक्षक चांगला. नवख्याला नाव घेऊन हाक मारणारा आणखी चांगला.

तुमच्या यजमानांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. "याला फ्यूचर काय?" म्हणजे भविष्य काय. त्यांना जे खरं आहे ते सांगा. हा खेळ स्वीडनमध्ये १९७० च्या दशकात घडला, गोथेनबर्गच्या बाजूला. प्लास्टिकच्या काठ्या आधी अमेरिकेत निघाल्या होत्या, पण त्यांचा खेळ केला तो स्वीडननं. तिकडे डिसेंबरात दुपारी तीन-साडेतीनलाच अंधार पडतो, बाहेर बर्फ. शाळेच्या सभागृहात मुलांना पळवायचं तर असंच काहीतरी लागणार. १९८६ मध्ये स्वीडन, फिनलंड आणि स्वित्झर्लंड या तीन देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. पुरुषांचं पहिलं जागतिक अजिंक्यपद १९९६ ला स्वीडनमध्ये झालं, महिलांचं त्याच्या पुढच्या वर्षी. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं खेळाला मान्यता दिली. पण मान्यता वेगळी आणि ऑलिंपिकमध्ये समावेश वेगळा. ऑलिंपिकमध्ये हा खेळ अजून नाही. २०१७ पासून वर्ल्ड गेम्समध्ये, म्हणजे ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळांच्या जागतिक स्पर्धेत आहे. पुरुषांचं जागतिक अजिंक्यपद आजवर स्वीडन आणि फिनलंड सोडून कोणाकडे गेलेलं नाही. आशियात सिंगापूरनं महिलांची जागतिक स्पर्धा दोनदा भरवली, २००५ ला आणि २०२३ ला. भारतातही महासंघ आहे, पण आपल्याकडे खेळ अजून बाल्यावस्थेत आहे. नोकरी मिळेल, नाव होईल, या हिशेबानं घालणार असाल तर घालू नका.

पण तो हिशेब ११ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मांडायचाच कशाला, हे मी यजमानांना विचारेन. ते केळीचा बाग लावतात का? लावत असतील तर त्यांना ठाऊक आहे, बेणं लावल्या दिवसापासून घडाचा भाव विचारत कोणी बसत नाही. आधी रोप जमीन धरतं की नाही ते बघतात. मुलाचं सध्या तेवढंच बघायचं आहे. आणि खेळाचे दिवस कसे फिरतात तेही बघा. खो-खोला "मातीतला खेळ" म्हणून नाकं मुरडणारे पालक मी आयुष्यभर पाहिले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला आणि दोन्ही संघांचे कर्णधार आपल्या महाराष्ट्रातले होते.

एका बाबतीत मात्र सावध राहा, आणि हे नव्या खेळात मुलं घालणाऱ्या सगळ्याच आईवडिलांना सांगते. दहावी-बारावीच्या परीक्षेतले क्रीडा सवलतीचे गुण, नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, यांसाठी कोणता खेळ आणि कोणत्या पातळीची स्पर्धा धरतात, याचे शासनाचे नियम असतात आणि ते बदलतात. कोणी तोंडी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जा, चालू वर्षाची यादी डोळ्यांनी बघा. "तुमच्या मुलाची थेट राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली, एवढी रक्कम भरा," असं दोन महिन्यांत कोणी म्हणू लागलं तर पैसे देऊ नका. निवड कुठल्या चाचणीतून झाली, ते आधी विचारा.

आता वजनाचं. त्याला वजनकाट्यावर उभं करणं बंद करा. खरंच बंद करा, काटा माळ्यावर टाका. मूल वाढत्या वयाचं आहे, उंची झपाट्यानं वाढायचे दिवस पुढेच आहेत. महिनाभर पळून काटा हलला नाही की तुमचा धीर सुटेल, त्याचा तुमच्याआधी सुटेल. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी वजनाचं नाही, वेळेचं माप सांगते. दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल, आणि आठवड्यात निदान तीन दिवस जोरकस खेळ, ज्यानं हाडं आणि स्नायू बळकट होतील. हे साठ सलग लागत नाहीत. शाळेत पंधरा, गल्लीत वीस, वर्गात पंचवीस, चालतं. आणि तुमचा मुलगा काही जगावेगळा नाही. याच संघटनेच्या अभ्यासात, २०१६ च्या आकड्यांवरून, जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं या मापाला उतरली नव्हती. दर पाचांतली चार. बसनं दारात सोडलेली, क्लासला बसवलेली, तुमच्या-माझ्या घरातलीच मुलं ही.

जेवणाबद्दल थोडंच सांगते. आजींशी भांडू नका, त्या निम्म्या बरोबर आहेत. भाकरी, वरण-बट्टी, वांग्याचं भरीत, यातलं काही कमी करायची गरज नाही. मोबाइलसमोर बसून न मोजता जाणारी शेव, वेफर्स आणि शाळेबाहेरची थंड पेयं, ती घरात आणायचीच बंद करा, सगळ्यांसाठी. एकट्याच्या ताटात कमी वाढलं तर ते त्याला आयुष्यभर लक्षात राहील.

मानेचा काळपटपणा घासू नका, ताई. हे वाचताना मला गलबलून आलं, कारण किती आया अंघोळीला नारळाच्या शेंडीनं लेकराची मान लाल होईपर्यंत घासतात, ते मी ऐकलं आहे. वजन जास्त असलेल्या मुलांत मानेवर, काखेत मखमलीसारखा जाड काळपट पट्टा येतो, तो बहुतेक वेळा मळ नसतोच. शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवा, लागलीच तर रक्ततपासणी होईल. त्याच भेटीत खेळाबद्दलही विचारा. जिन्यावर धाप फार लागते का, छातीत दुखतं का, कधी चक्कर आली होती का, रात्री घोरतो का, हे सांगून या. आणि मुलाला आजच सांगा, "हा मळ नाही रे, तुझी काही चूक नाही." त्याच्या डोक्यावरचं अर्धं ओझं तिथेच उतरेल.

२२ किलोमीटरचं गणित मी मांडून बघितलं. जाऊन-येऊन ४४, आठवड्याला तीन वेळा म्हणजे १३२ किलोमीटर गाडीत बसणं. एक महिना करून बघायला हरकत नाही. त्याच्या मनात आहे तोवर त्याला खेळाची चव लागू द्या, नियम कळू द्या. वर्ग चालू असेल तेव्हा तुम्ही बाकावर बसून राहू नका. जळगावचा मेहरूण तलाव जवळ असेल तर एक फेरी मारून या, तुमचेही पाय मोकळे होतील. पण उरलेल्या चार दिवसांचं काय? आणि परीक्षा आली, पाऊस लागला, यजमानांना वेळ नसला की पहिला बळी या २२ किलोमीटरचाच जाणार. म्हणून माझा आग्रह असा, की महिन्याभरात खेळ तुमच्या गावात आणा.

जागा कुठे, म्हणाल. तालुक्याच्या गावाला क्रीडा सभागृह नसतं, पण मंगल कार्यालयं चार असतात. या खेळाचं पुरं मैदान ४० मीटर लांब, २० मीटर रुंद, भोवती अर्ध्या मीटर उंचीची फळी. मुलांना तेवढं लागतच नाही. कार्यालयाचा जेवणाचा हॉल पुष्कळ झाला. आषाढी एकादशी होऊन चातुर्मास लागला की लग्नं थांबतात, हॉल रिकामे पडतात. नेमके तेच पावसाचे दिवस, मैदानात चिखल. मालकाला जाऊन भेटा, दोन-चार घरं मिळून जा, संध्याकाळचा एक तास मागा, झाडून-पुसून देण्याची हमी द्या. जेवणावळीची बाकं आडवी टाकली की फळी तयार होते, चेंडू बाहेर जात नाही आणि शोधण्यात वेळ जात नाही. फक्त एक बघा, पंगतीच्या तेलानं फरशी निसरडी झालेली असते. आधी सोड्याच्या पाण्यानं पुसून घ्या आणि पकड धरणाऱ्या तळव्याचे बूट घालूनच खेळू द्या. या खेळात झटकन वळावं लागतं, त्यामुळे घोटा आणि गुडघा सांभाळायचा असतो. कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये मात्र जाऊ नका, जागा कितीही मोठी आणि रिकामी दिसली तरी. रुईची धूळ छातीत जाते.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो. पत्र्याखालचा बंद हॉलही तेव्हा भट्टी होतो, आत आहोत म्हणजे सुरक्षित असं समजू नका. मार्चपासून सकाळी आठच्या आत नाहीतर दिवे लागल्यावर खेळायचं. दर दहा मिनिटांनी पाणी, तहान लागायची वाट न बघता. घरी आल्यावर ताक, कैरीचं पन्हं, मीठ-साखरेचं पाणी. मूल खेळताना बरळायला लागलं, मळमळलं किंवा अंग तापून चालताना झोकांडलं, तर खेळ थांबवून सावलीत न्या, ओलं फडकं, पंखा आणि थेट दवाखाना.

सामान कमी लागतं. काठी विकत घेताना मुलाला बूट घालून उभं करा, काठी त्याच्यासमोर सरळ जमिनीवर टेकवा, वरचं टोक बेंबीच्या दोन-तीन बोटं वर यायला हवं. "वाढत्या अंगाचा आहे, मोठी घेऊ" असं करू नका. लांब काठीनं मूल वाकतच नाही, चेंडू काठीखालून निसटतो आणि दोष मुलावर येतो. डावी-उजवी पाती वेगळी असतात. घरातला झाडू त्याच्या हातात द्या आणि ज्या बाजूनं तो सहज झाडतो ती बाजू बघा. काठीच्या आधी डोळ्यांचा चष्मा घ्या, याच खेळासाठी मिळतो तो. चेंडू हलका असला तरी डोळ्यावर वेगानं आला किंवा काठीचं टोक लागलं तर इजा गंभीर होते. घरी हॉकीची लाकडी स्टिक पडली असेल तर ती या खेळात मुळीच आणू नका. हॉकीच्या जड काठ्या आणि तीन फुटांवर उभी मुलं, हे जमणारं नाही. आणि काठी कमरेच्या वर उचलायची नाही, दुसऱ्याच्या काठीवर मारायचं नाही, हे दोन नियम पहिल्या दिवशी, पहिल्या पाच मिनिटांत.

हसणाऱ्या मुलांबद्दल. नव्या खेळाची एक मोठी सोय आहे, गावात कोणालाच तो येत नसतो. क्रिकेटमध्ये तुमचा मुलगा पाच वर्षं मागून सुरुवात करतो. इथे मात्र महिनाभर शिकून आलेला तो गावातला सगळ्यात जाणकार असेल. "काठी अशी धर," हे तो इतरांना सांगेल. कबड्डीत ज्यानं त्याला ओढून पाडलं असेल, तोच मुलगा उद्या येऊन म्हणेल, "भो, मला दाव ना." हे घडवून आणणं तुमच्या हातात आहे. पहिल्याच दिवशी वीस मुलं गोळा करू नका. त्याला विचारा, कोणत्या तिघांना बोलवायचं. नावं त्यानंच ठरवू दे.

आणि आता धाकटी. "तिचं काही नाही, ती घरातच खेळते." ताई, त्या जागतिक अभ्यासात मुलगे ७८ टक्के कमी पडत होते आणि मुली ८५ टक्के. कारण हेच, मुलगी घरात बसली की कोणाला चुकल्यासारखं वाटत नाही. ती बारीक आहे म्हणून तुमचं तिकडे लक्ष नाही. पण हाडं बळकट व्हायचं वय तिचंही हेच आहे. तुम्ही स्वतः आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेल्यावर निंबाच्या फांदीचा झोका किती उंच नेत होतात, आठवा जरा. मैत्रिणी खाली उभ्या राहून गाणी म्हणताहेत, तुम्ही उभ्यानं दोर आवळून गुडघ्यात वाकताय, पोटात गोळा येतोय आणि तरी आणखी उंच. तेव्हा व्यायाम होतोय असं कोणी म्हटलं नव्हतं. तिच्या वाट्याला तसं काय आहे आज? या खेळात लहान वयात मुलं-मुली एकत्र खेळू शकतात. दोघांसाठी एकेक काठी घ्या. महिन्याला ज्यांना फी परवडणार नाही अशा घरांनी तर दोन काठ्या आणि एक चेंडू गल्लीत मिळून घेतला तरी सुरुवात होते.

यजमानांशी वाद घालू नका. एखाद्या रविवारी त्यांच्या हातात काठी द्या आणि मुलाला म्हणा, "पप्पांना शिकव." दहा मिनिटं. बापाला लेकाकडून काहीतरी शिकावं लागलं की घरातली हवा बदलते. ते नाही म्हणाले तर दुसऱ्या रविवारी पुन्हा विचारा.

या आठवड्यात तेवढं डॉक्टरांकडे जा, मग जळगावच्या वर्गाला एक दिवस नुसत्या बघायला जा. जाताना पिशवीत शेंगदाणे टाका, मोजून पन्नास. वीस मिनिटांत डाव्या मुठीत किती आले ते मला कळवा. महिन्यानं पुन्हा मोजा. धाकटीचे वेगळे मोजा.